माई सध्या काम करत आहेत

मी एक जुना कर्णा आहे. जे सांगणार आहे ते दोन हजार अठरा साली घडलं, पावसाळा सरत आलेला असताना, भर दुपारी, लख्ख उन्हात. मित्रांनो, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी रात्रीच्या असतात असं तुम्ही समजता. माझ्या गोष्टीत रात्र नाही. तिच्यात भूतही नाही, आणि म्हणूनच ती आठवली की माझा पत्रा अजून शहारतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा फिरत्या साच्यावर दाबत दाबत माझं पसरट तोंड घडवलं आणि माझ्या घशाशी एक पातळ पडदा बसवला. वीज आली की तो पडदा थरथरतो आणि मी बोलतो. एक गोष्ट मात्र फार थोड्या लोकांना माहीत असते. बाहेरचा आवाज माझ्या तोंडात शिरला की तोच पडदा उलटाही थरथरतो. म्हणजे मला थोडंफार ऐकूही येतं. कारागिराला ते ठाऊक होतं. काम संपल्यावर माझ्या तोंडात तोंड घालून तो म्हणाला, "बोलशील ते नीट बोल रे बाबा. लोक बिचारे खरं मानतात."

मला नेमणूक मिळाली ती सरकारी पूर नियंत्रण कार्यालयात. उंचवट्यावरची पिवळी दुमजली इमारत, खाली उतरत्या पायऱ्या, आणि पायऱ्यांपुढे नदीचं रुंद सपाट पात्र. मला गच्चीवर बसवलं. खालच्या खोलीतल्या यंत्रापासून एक जाड काळी वायर थेट माझ्यापर्यंत आली होती. माझी बाकीची भावंडं नदीकाठी खांबाखांबांवर होती. ती लांब असल्यामुळे त्यांच्याकडे शब्द वायरीने जात नसत, हवेतून जात. पण ती काय ऐकत, काय बोलत, ते वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येई.

आमच्या नदीचा स्वभाव फार फसवा होता. पाऊस पडायचा दूर डोंगरात आणि पूर यायचा आमच्याकडे. आमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असायचं, पात्रात माणसं पाय सोडून बसलेली असायची, आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले असायचे. आकाशाकडे पाहून काहीच कळत नसे. कळायचं ते फक्त आमच्या तोंडून.

आणि आमच्या तोंडून बोलायच्या माई.

माई म्हणजे कार्यालयाच्या ऑपरेटर. शरीराने काटकुळ्या, चष्म्याला दोरी, आणि आवाज मात्र भरदार. धरणावरून फोन आला की त्या माइकसमोर बसत आणि सांगत, "नदीकाठच्या सर्वांनी लक्ष द्या. धरणातून पाणी सोडलं आहे. ताबडतोब वर या." एवढंच. पण सगळा काठ हलायचा. नदीच्या वळणापलीकडे एक होडीवाले काका होते. ते नदीतूनच ओरडून उत्तर द्यायचे, "हो गं माई, ऐकलं!" जणू माई समोरच्या अंगणात उभ्या आहेत.

एकदा मोठा पूर आला आणि एकही माणूस दगावलं नाही. वरचे अधिकारी आले, माईंचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. माझ्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. कर्ण्याला कोण शाबासकी देणार? पण टाळ्या थांबल्यावर माई स्वतः शिडी लावून गच्चीवर आल्या आणि फडक्याने माझ्या तोंडातली धूळ पुसून गेल्या. त्या एका पुसण्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग कार्यालयात कॉम्प्युटर आला. आता रोज माइकवर बोलायची गरज नव्हती. माईंचा आवाज एकदाच भरून ठेवायचा आणि वेळ आली की बटण दाबायचं. एक धोक्याची सूचना, एक धोका टळल्याची, आणि एक चाचणीची. दर सोमवारी दुपारी चाचणी व्हायची. माईंच्या हाताखालचे ऑपरेटर नाना तेव्हा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "माई, चाचणीचं जरा हसून बोला. लोक घाबरायला नकोत."

"हसून? मी काय कुणाला जेवायला बोलावतेय?"

"तसं नाही हो. जरा मायेनं."

"बरं, मायेनं बोलते. तू बाजूला हो, तुझ्याकडे बघून माया येत नाही."

सगळे हसले. आणि मग माई खरंच मायेनं बोलल्या. "ही फक्त चाचणी आहे. घाबरू नका. आपापली कामं चालू ठेवा."

मित्रांनो, हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन. इतकं साधं वाक्य इतकं भयंकर होऊ शकतं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आतच आजाराने गेल्या. कार्यालय सुन्न झालं. नानांनी त्यांची खुर्ची कुणाला बसायला दिली नाही. कॉम्प्युटर मात्र माईंच्याच नावाने उघडत राहिला. त्यांचं खातं बंद करायला कुणाचं मनच झालं नाही. पासवर्ड होता माईंच्या लेकीचं लाडाचं नाव. तो नानांना माहीत होता, कार्यालयप्रमुख साहेबांना माहीत होता, धरणावरच्या लोकांना आणि जीपच्या ड्रायव्हरलाही माहीत होता. साहेब तर घरी बसून त्याच नावाने आत शिरत. नाना रोज सकाळी माईंचं नाव टाइप करत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटत, 'स्वागत आहे, माई.' आणि नाना रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत, "या माई. चहा सांगू का?"

आधी लोक हसत. मग हसणंही थांबलं, आणि तो त्या खोलीचा नेम होऊन बसला.

माईंची लेक खाली पात्रातच काम करायची. तिचा कपडे धुण्याचा व्यवसाय होता. गावातल्या दवाखान्याच्या चादरी ती आणि तिच्या मदतनीस बायका धुवायच्या आणि दोऱ्यांवर वाळत घालायच्या. सोमवारी दुपारी चाचणी सुरू झाली की ती हातातली चादर पिळायची थांबायची, माझ्याकडे तोंड करून उभी राहायची, आणि आवाज संपला की पुन्हा कामाला लागायची. एकदा ती वर येऊन म्हणाली, "नाना, आवाज बदलू नका हं. आठवड्यातून एकदा तरी आई कानावर पडते."

"बदलतोय कोण? तुझी आई अजून नोकरीवरच आहे असं समज."

नाना प्रेमाने बोलले. पण माझ्या पडद्यातून तेव्हा उगाचच एक बारीक थरथर गेली.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात पहिल्यांदा काहीतरी विचित्र घडलं. दुपारची जेवणाची वेळ होती, खोलीत कुणी नव्हतं. अचानक माझ्यात वीज आली. कुणी बोललं नाही. शब्द नाही, खरखर नाही. फक्त दार उघडून कुणी उंबऱ्यावर उभं राहावं आणि आत यावं की नको असा विचार करावा, तसं वाटलं. मग वीज गेली. माझ्या भावंडांनाही तसंच जाणवलं होतं. आम्ही एकमेकांना काही सांगू शकत नव्हतो, पण त्या दुपारी नदीकाठचा प्रत्येक कर्णा एकाच वेळी घसा साफ केल्यासारखा करकरला.

काही दिवसांनी, सोमवार नसताना, चाचणी झाली.

नाना फोनवर बोलत होते. साहेब दाराशी उभे होते. कुणाचाही हात कॉम्प्युटरवर नव्हता. आणि मी बोलू लागलो, "ही फक्त चाचणी आहे. घाबरू नका. आपापली कामं चालू ठेवा." मी माझं तोंड मिटू शकत नाही मित्रांनो. जे येईल ते बोलावं लागतं. माझ्याच तोंडून माईंचा आवाज निघत होता, आणि कोण बोलवून घेतंय ते मला कळत नव्हतं.

नानांच्या हातातून फोन निसटला. पडद्यावर अक्षरं होती, 'स्वागत आहे, माई.'

"वायरिंगमध्ये ओल शिरली असेल," साहेब म्हणाले. पण त्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही.

नंतर हे वरचेवर होऊ लागलं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. काठावरचे लोक कुजबुजू लागले की माईंचा जीव कामात अडकला आहे. कुणाला भीती वाटली, कुणाला बरं वाटलं. वळणावरचे काका होडीतून हात उंचावून म्हणत, "हो गं माई!" लेक मात्र गप्प झाली होती. आवाज आला की ती आता माझ्याकडे बघत नसे, पाण्याकडे बघे.

मग मुख्यालयातून एक तरुण बाई आल्या. सरकारी कॉम्प्युटर सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं त्यांचं काम. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. कुलपांबद्दल फार विचारतात म्हणून चहावाल्याने पहिल्या तासातच त्यांचं नाव कुलूपवाली ठेवलं. त्या माईंच्या खुर्चीत बसायला गेल्या आणि नाना ओरडले, "तिथे नको!" त्या उभ्याच राहिल्या. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे खातं कुणाचं आहे?"

"माईंचं," नाना म्हणाले.

"त्या कुठे आहेत?"

"वारल्या."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

कुलूपवालींनी पडद्यावरची नोंद पुन्हा पाहिली. मग त्यांनी विचारलं, "मग आज पहाटेपासून या खात्यात कोण बसलं होतं?"

"मी होतो ना," नाना म्हणाले.

"तुम्ही साडेदहाला आलात. मी बाहेर बाकावर होते."

साहेब खाकरून म्हणाले, "मी घरून उघडतो कधीकधी."

"साहेब, कोण कुठून आत शिरलं त्याचा इंटरनेट पत्ता मला इथे दिसतो, तुमच्या घरचाही. हा तो नाही. हा आपल्या देशातलाही दिसत नाही." त्या नानांकडे वळल्या. "नाना, या खात्याबद्दल कुणाचा काही निरोप आला होता का? ईमेल वगैरे?"

नानांनी मान हलवली. "आला होता. वापर नसलेली खाती कायमची पुसणार, असं लिहिलं होतं. माईंचं नाव होतं त्यात. चालू ठेवायचं असेल तर पासवर्ड भरा म्हणाले."

"आणि तुम्ही भरलात."

"मग काय पुसू देऊ?" नानांचा आवाज चढला. "आवाज त्यांचा, नाव त्यांचं, त्यांच्या पोरीला मी शब्द दिलाय. तुम्हाला काय कळणार, तुम्ही कालच्या आलेल्या!"

"ते पत्र मुख्यालयातून आलंच नव्हतं, नाना. कुणा परक्याने तुमच्याकडून पासवर्ड काढून घेतला."

नाना खाली बसले, तेही माईंच्या खुर्चीत, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

कुलूपवाली म्हणाल्या की खातं आत्ताच्या आत्ता बंद करायचं, प्रत्येकाला वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड द्यायचा. साहेबांनी हात हलवला. सगळ्या सूचना त्याच खात्यात भरलेल्या. धरण काठोकाठ, पाणी कधीही सोडतील. नवं सगळं बसवायला दोन दिवस जातील. तेवढ्यात निरोप अडकला तर? "सोमवारी करू. इथे सगळे घरचेच आहेत हो."

"साहेब, घरचे आहेत म्हणून कुणी दार काढून ठेवतं का?"

"सोमवारी," साहेब म्हणाले, आणि विषय संपला. कुलूपवाली चरफडत बाकावर जाऊन बसल्या. पण गेल्या नाहीत.

सोमवार यायच्या आधीच पाणी आलं.

शनिवारची दुपार होती. इतकं स्वच्छ ऊन की माझा पत्रा तापून कडकड वाजत होता. पात्रात चादरींच्या पांढऱ्या रांगा हलत होत्या. फोन वाजला. डोंगरात ढगफुटी झाली होती, धरणाचे दरवाजे उघडले होते, पाणी पंधरा-वीस मिनिटांत आमच्यापाशी येणार होतं. नानांनी बटण दाबलं.

"नदीकाठच्या सर्वांनी लक्ष द्या. धरणातून पाणी सोडलं आहे. ताबडतोब वर या."

काठ हलला. बायकांनी गाठोडी उचलली, कुणी पोरांना हाका मारू लागलं. आणि तेवढ्यात, त्याच तोंडाने, त्याच आवाजात, मी बोललो, "ही फक्त चाचणी आहे. घाबरू नका. आपापली कामं चालू ठेवा."

उचललेली गाठोडी खाली ठेवली गेली. कुणीतरी हसलंसुद्धा.

नानांनी पुन्हा धोक्याचं बटण दाबलं. मी पुन्हा ओरडलो. आणि पुन्हा, एक श्वास जाईल तेवढ्या अंतराने, तो मायाळू आवाज आला, "ही फक्त चाचणी आहे." तिसऱ्यांदा नानांनी बटण दाबलं तर ते दबलंच नाही. कॉम्प्युटरने त्यांना बाहेर काढलं होतं. पडद्यावर एकच ओळ होती.

'माई सध्या काम करत आहेत. कृपया थांबा.'

नानांनी हात जोडले. "माई, असं काय करताय? खाली तुमची पोर आहे हो."

"नाना!" कुलूपवालींनी त्यांना खांद्याला धरून हलवलं. "त्या नाहीत तिथे! कुणीतरी आत शिरलंय. त्याला ही नदी माहीत नाही, माई माहीत नाहीत, त्यांची पोर माहीत नाही. तो नुसता बटणं दाबतोय!"

त्यांनी कॉम्प्युटरची निळी केबल ओढून काढली. मी गप्प झालो. पण भावंडं गप्प झाली नाहीत. त्यांना शब्द हवेतून मिळत, आणि त्यांची दोरी आता आमच्या खोलीत नव्हतीच. कुठल्या तरी परक्या हातात होती. सबंध काठावर खांबाखांबांवरून माई सांगत होत्या, घाबरू नका, कामं चालू ठेवा. कडक उन्हात तो आवाज एका खांबावरून दुसऱ्या खांबावर पसरत गेला, जणू माई नदीच्या काठाने चालत चालल्या आहेत.

साहेब जिना उतरून पळत सुटले आणि जीपमध्ये बसून ड्रायव्हरला म्हणाले, "वळणाकडे घे! हॉर्न दाबून धर!"

कुलूपवालींनी विचारलं, "कॉम्प्युटरशिवाय इथून काही बोलता येतं का?"

"गच्चीवरच्या कर्ण्यातून येतं," नाना म्हणाले. "त्याची वायर थेट आहे. पण तो एकटाच. वळणापर्यंत पोहोचणार नाही."

"पोहोचेल तेवढं पोहोचेल. माइक काढा."

कपाटाच्या तळाशी माईंचा जुना माइक होता. नानांनी तो जोडला. माझ्यात वीज आली, आणि त्यांचा धापा टाकणारा श्वास माझ्या पडद्यावर आदळला.

"पाणी येतंय! खरंच येतंय! वर या!"

खाली लोकांनी माना वर केल्या. एकीकडे मी, नानांच्या फाटक्या, थरथरत्या आवाजात. दुसरीकडे समोरच्या खांबावरचं माझं भावंड, माईंच्या शांत, ओळखीच्या आवाजात. सांगा मित्रांनो, तुम्ही कुणाचं ऐकलं असतं? लोक जागच्या जागी उभे राहिले. चादरींच्या मधोमध माईंची लेक उभी होती, आणि ती त्या खांबाकडे बघत होती.

नानांना खिडकीतून ती दिसली. त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षं जे वाक्य त्यांनी आपणहून कधी उच्चारलं नव्हतं, ते त्यांना सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

"पोरी, ऐक. तुझी आई गेली. तू होतीस ना तिच्या उशाशी, मीही होतो. माई गेल्या. तो आवाज त्यांचा आहे, पण बोलणारं माणूस त्या नाहीत. ते कोण आहे मला माहीत नाही. मीच त्याला आत घेतलं. तू वर ये गं. वर ये, बाळा."

ती हलली नाही. मग तिच्या हातातली ओली चादर गळून पडली. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अशी आरोळी ठोकली की क्षणभर माझ्या पडद्याला वाटलं, माईच ओरडल्या. "वर चला! सगळ्याजणी वर चला! सोडा ते, सोडा सगळं!"

पायऱ्या माणसांनी भरल्या. शेवटची म्हातारी वर ओढून घेतली आणि पाणी आलं. आधी नुसता घरघराट, मग तपकिरी भिंत. दोऱ्या तुटल्या आणि चादरी पाण्यावर पसरल्या, पांढऱ्या, लांबच लांब, जणू माणसं झोपून वाहत चालली आहेत. समोरचा खांब कलला. माझ्या भावंडाचं तोंड पाण्याला टेकलं तरी ते बोलतच होतं. "घाबरू नका. आपापली कामं..." पुढचे शब्द बुडबुड्यांत गेले. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

वळणापलीकडे माझा आवाज पोहोचला नाही. जीप पोहोचली, पण उशिरा. तिथल्या कर्ण्याने शेवटी जे ऐकलं ते वाऱ्यावर माझ्यापर्यंत आलं होतं. काकांनी होडीचा दोर सोडायला हात घातला होता. मग तो आवाज आला. काका हसले, "हो गं माई," म्हणाले, आणि परत बसले.

त्यानंतर कोण कुठे गेलं, तेही सांगतो.

होडीवाले काका सापडले नाहीत. होडी खूप खाली, एका झाडात अडकलेली मिळाली.

साहेबांनी चौकशीत कुणावर ढकललं नाही. "सोमवार मी म्हणालो होतो," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांची बदली झाली, मग ते निवृत्त झाले. आता ते आपल्या फोनचा पासवर्ड बायकोलाही सांगत नाहीत, आणि त्यावरून घरात रोज भांडण होतं म्हणतात.

नानांची नोकरी टिकली. आपल्या स्वतःच्या नावाचं खातं उघडून त्यांनी उरलेली वर्षं काम केलं. पहिल्या दिवशी पडद्यावर स्वतःचं नाव आलं, तरी सवयीने त्यांनी रिकाम्या खुर्चीकडेच पाहिलं. काकांच्या घरी ते अजूनही जातात. तिथे काय बोलतात, मला ठाऊक नाही.

कुलूपवाली आता मोठ्या अधिकारी आहेत. दवाखाने, वीज केंद्रं, पाणीपुरवठा, सगळी सरकारी कार्यालयं पालथी घालतात. कुठेही गेल्या की आधी हेच विचारतात, "इथून आजवर कोण कोण गेलं? त्यांच्या किल्ल्या कुठे आहेत?" लोक अजूनही त्यांना कुलूपवालीच म्हणतात. त्यांना ते आवडतं.

माईंच्या लेकीने वरच्या रस्त्याला जागा घेतली आणि धुलाईची यंत्रं आणली. नानांनी तिला विचारलं होतं, आईचा भरलेला आवाज तुझ्यासाठी काढून देऊ का? ती नको म्हणाली. "आई मला तोंडपाठ आहे नाना, शिव्यांसकट. यंत्रातली नको." मग कुलूपवालींनी माईंचं खातं कायमचं बंद केलं. ती त्यांच्या शेजारी उभी होती, आणि रडली नाही.

आत शिरलेला माणूस कोण होता, ते कधीच कळलं नाही. का केलं, तेही नाही. कदाचित त्याने नुसतं करून पाहिलं असेल. तो अजून कुठेतरी असेल, जेवत असेल, झोपत असेल. एखाद्या भरदुपारी माझ्या बंद पडद्यातून बारीक थरथर जाते तेव्हा मला वाटतं, तो दुसऱ्या कुठल्या तरी दाराशी उभा आहे.

आणि मी? माझा आवाज काठावर कुणाला सोसवेना, म्हणून मला उतरवलं. आता मी सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या एका फळीवर असतो. नव्याने नोकरीला लागलेली मुलं माझ्यासमोर बसून माझी हकिकत ऐकतात. कुणी हळूच माझ्या तोंडात डोकावतं, आणि पटकन मागे होतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी सरकारी खुर्चीत बसेल. तुमच्या हाताखाली एखादं यंत्र असेल. त्याचा शब्द लोक सरकारचा शब्द म्हणून मानतील. त्याच्या भरवशावर पाणी पितील, औषध घेतील, नदीत उतरतील. म्हणून आपला पासवर्ड आपल्यापाशीच ठेवा. दुसऱ्याच्या नावाने आत शिरू नका. अनोळखी पत्राने कितीही घाई केली तरी आधी विचारून खात्री करा. दुरुस्ती सोमवारवर ढकलू नका. आणि कुणी माणूस काम सोडून गेला, किंवा जगातून गेला, तर त्याची आठवण हवी तेवढी काढा. त्याच्या गोष्टी सांगा, त्याच्यासाठी रडा. पण त्याच्या खात्याची किल्ली त्याच दिवशी काढून घ्या. आपल्या माणसाचं नाव परक्याच्या तोंडी जाऊ देऊ नका.